पुढचे ब्रेक पॅड बदलण्याआधी जुने पॅड नीट पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडला राहता, रोज ऐरोलीला ये-जा, सात वर्षांची मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. पाऊस सुरू झाल्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून चिरका आवाज येतो. एका वर्कशॉपने पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायला सांगितलं. दुसरीकडे पॅड काढून पॉलिशपेपर मारून दिला आणि चार दिवसांत आवाज परत आला. पॅड आपले आपण बसवता येतात का आणि डिस्क खरंच बदलायला लागेल का, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की पॅड चौदा हजार किलोमीटरपूर्वीच नवे घातले होते.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. मॅन्युअल हॅचबॅकचे पुढचे पॅड ठाण्याच्या ट्रॅफिकमध्येही सहसा ३० ते ५० हजार किलोमीटर जातात. ते चौदा हजारांत आणि एकाच बाजूला ओरडायला लागले, तर बिघाड बहुधा पॅडमध्ये नसतो. पॅड ज्या ब्रॅकेटमध्ये (बिडाच्या चौकटीत) बसतात आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) ज्या पिनांवर सरकतो, तिथे तो असतो. तिथे हात न लावता नवे पॅड घातले तर आवाज जाईल, पण पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा येईल. म्हणून पॅड बसवायचे कसे हे सांगतोच, पण जुने पॅड हातात आल्यावर त्यांच्याकडे कसं पाहायचं, यावर जास्त लिहितो.

आधी रचना समजून घेऊ. तुमच्या गाडीत पिस्टन एकच आहे आणि तो डिस्कच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडे असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. आतला पॅड टेकला की उलट्या जोराने अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. कॅलिपर हे सरकणं दोन गुळगुळीत पिनांवर करतो, ड्रॉवर रुळांवर सरकतो तसं. ब्रेक सोडल्यावर पॅड मागे ओढायला कुठलीही मोठी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबर सील दाबताना किंचित पिळलेलं असतं, ते मूळ आकारात येताना पिस्टन केसभर मागे घेतं. बाकी सगळं पॅड आणि पिना किती मोकळ्या आहेत यावर चालतं. मागे येण्याचा जोर इतका नाजूक असल्यामुळे थोडा गंज, थोडं सुकलेलं ग्रीस एवढ्यानेही पॅड डिस्कला घासत राहतो.

चाकाच्या आऱ्यांमधून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचा पॅड. लवकर संपतो तो बहुतेक वेळा आतला. म्हणून चाक न काढता कोणी 'पॅड अजून अर्धा आहे' म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण ८ ते ११ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. मागची लोखंडी पट्टी यात मोजायची नाही. बऱ्याच पॅडना एक वाकवलेली पत्र्याची जीभ असते. थर २ मिलिमीटरच्या आसपास उरला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो मुद्दाम ठेवलेला इशारा आहे आणि पॉलिशपेपरने तो जात नाही.

गाडी उचलण्याआधी आवाज नीट ऐका, कारण सगळे आवाज पॅडचे नसतात. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी दोन-चार ब्रेकपर्यंत खरखरते आणि मग गप्प होते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, त्याची काळजी नको. ब्रेक दाबो न दाबो, सतत कर्कश किरकिर येत असेल तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडी अडकली असेल. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर इतकी खडी आहे की ही शक्यता आधी तपासा. गाडी थोडी मागे-पुढे केल्यावर खडी सुटून पडते, नाहीतर चाक काढून स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा मागे घ्यायचा. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं 'खर्र' झालं आणि ते पेडलला जाणवलं, तर थर संपून मागची पट्टी डिस्क कोरते आहे. मग गाडी चालवायचीच नाही. तुमचं वर्णन ब्रेक दाबल्यावर येणाऱ्या चिरक्या आवाजाचं आहे. त्यावरून इशाऱ्याची जीभ, चकाकून कडक झालेला पॅड किंवा वाकडा झिजलेला पॅड, या तीन शक्यता मला दिसतात. नेमकी कोणती, ते चाक काढल्यावर कळेल.

आता काम. पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे, चारही नग एकदम बदलायचे. डावीकडे नवे आणि उजवीकडे जुने असं केलं तर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. सामान आधी जमवून ठेवा: पॅडचा सेट, ब्रॅकेटच्या स्टीलच्या क्लिपा (बऱ्याच सेटमध्ये त्या येत नाहीत, वेगळ्या मागाव्या लागतात), ब्रेक क्लीनरचा स्प्रे, पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, ब्रॅकेटसाठी सिरॅमिक ब्रेक ग्रीस, तारेचा ब्रश, बारीक कानस, मोठा सी-क्लॅम्प, जॅक, दोन जॅक स्टँड, आणि शक्य असेल तर टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना). पॅड गाडीच्या कंपनीचे किंवा बॉश, टीव्हीएस गर्लिंग, अलाइड निप्पॉन अशा नावाजलेल्या कंपनीचे घ्या. पक्कं बिल मागा, डब्यावरचा पार्ट नंबर आपल्या मॉडेल आणि वर्षाशी ताडून पाहा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कॅलिपर बदललेला असतो, त्यामुळे दुकानदार 'सगळ्यांना बसतो' म्हणाला तरी जुना पॅड शेजारी ठेवून आकार जुळवा. सुट्या पिशवीतले, नाव-गाव नसलेले पॅड स्वस्त मिळतात. ब्रेकमध्ये ती बचत करू नका.

जागा सपाट आणि पक्की हवी. पोडियम पार्किंगच्या उतारावर किंवा पेव्हर ब्लॉक खचलेल्या जागी हे काम नको. सोसायटीत पार्किंगमध्ये दुरुस्ती चालते का, हेही आधी विचारा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि ठरलेल्या जागी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या चाकात हात घालायचा नाही, यात सूट नाही. स्टँड नसतील तर काम दुसऱ्या दिवशी करा. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की काय कुठे होतं हे पाहायला नमुना मिळतो. कॅलिपर बाहेरच्या अंगाला येईल अशा दिशेने स्टिअरिंग वळवलंत की त्याची मागची बाजू समोर येते.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते. ते साहजिक आहे. पण सर्व्हिसिंगला कोणीतरी दर वेळी ती वरच्या रेषेपर्यंत भरून टाकतं. मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकी ओसंडते. तेल वरच्या रेषेच्या जवळ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे तेल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं तेल गटारात ओतू नका, पावसाळी गटारं शेवटी खाडीलाच जाऊन मिळतात. बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट दिसतील, वरच्या आणि खालच्या पिनेत शिरलेले. खालचा काढा. बोल्टबरोबर पिनही फिरत असेल तर तिच्या चपट्या भागाला दुसरा पाना लावून धरा. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर कॅलिपर वर उचलता येतो. दोन्ही बोल्ट काढावे लागले तर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) सेन्सर वायर जवळूनच जाते, तीही ताणायची नाही. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच याची खात्री कोणी देत नाही. मास्क लावा आणि क्लीनर मारून ओली धूळ फडक्याने पुसा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल वापरू नका, रबराचे बूट (पिना आणि पिस्टनला धुळीपासून जपणारी आवरणं) फुगतात.

पॅड बाहेर काढताना आतला कुठला आणि बाहेरचा कुठला यावर मार्करने खूण करा. मग पॅड निघतील तसे चारही एका कागदावर मांडा, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. घाईत नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

चारही पॅड साधारण सारखे झिजले असतील, आतले जरा जास्त, तर तुमचा कॅलिपर निरोगी आहे. मग पॅडच हलक्या दर्जाचे होते किंवा गाडी चालवताना पाय ब्रेकवर फार राहतो. एकाच बाजूचा आतला पॅड २ मिलिमीटर आणि बाहेरचा ६, असं दिसलं तर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण बाहेरचा ओढला जात नाही. अशा चाकाचा ब्रेक कमी लागतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. पिना ठीक असूनही आतलाच पॅड झिजलेला असेल तर पिस्टन मागे येत नाहीये. उलट बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपर आत सरकतो, पण परत मोकळा होत नाही. पॅड पाचरीसारखा झिजला असेल, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर एक पिन अडकली आहे किंवा पॅडचा एक कान ब्रॅकेटच्या खाचेत घट्ट बसलाय. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे भरपूर उरले, तर पिस्टन किंवा रबरी नळीवर संशय घ्या. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर पॅड तापून कडक झालाय. कडांचे टवके उडणं हेही तापल्याचंच लक्षण. आणि पॅड तेलकट ओला असेल तर पिस्टनचं सील गळतंय किंवा आधी कोणीतरी ग्रीस फासून ठेवलंय. तेल प्यालेला पॅड जाळून, घासून, धुऊन सुधारत नाही, तो फेकायचा.

तुमच्या वर्णनावरून मला डावीकडे पाचर किंवा आत-बाहेरचा मोठा फरक अपेक्षित आहे. तो दिसला तर पुढचं सगळं लक्ष ब्रॅकेटवर द्या.

ब्रॅकेटच्या खाचांमध्ये स्टीलच्या पातळ क्लिपा बसवलेल्या असतात आणि पॅडचे कान त्यांवर सरकतात. क्लिप स्टेनलेस असते, तिला गंज धरत नाही. तिच्याखालचं ब्रॅकेट बिडाचं असतं, त्याला धरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्याच्या हवेत तिथला ओलावा वाळत नाही. क्लिपेच्या पाठीमागे तांबूस पापुद्रा साठत जातो, तो फुगतो आणि क्लिप आत ढकलतो. खाच अर्धा मिलिमीटर अरुंद झाली की पॅड जाम. वरून पाहिलं तर क्लिप चकचकीत दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. चौदा हजार किलोमीटरपूर्वी पॅड बदलताना या क्लिपा न काढता नवे पॅड नुसते ठोकून बसवले असतील, तर आजचा आवाज तिथूनच आलाय.

क्लिप स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा. खालचा गंज तारेच्या ब्रशने, मग कानशीने हलक्या हाताने, निव्वळ धातू दिसेपर्यंत काढा. धातू खायचा नाही, फक्त गंज. क्लीनर मारून कोरडं करा, सिरॅमिक ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि नवी क्लिप दाबून बसवा. मग पॅड घालून पाहा. बोटाने ढकलल्यावर तो पुढे-मागे सरकला पाहिजे. हातोडीची गरज पडली तर खाच अजून साफ झालेली नाही. नव्या पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असतो, कधी तोच अडतो. तो कानशीने थोडा उतरवा.

आता पिना. दोन्ही बाहेर ओढा, पण वरची कुठली आणि खालची कुठली हे लिहून ठेवा. पुष्कळ गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराचा बुश (छोटी बाही) असतो आणि दुसऱ्या पिनेला नसतो. अदलाबदल केली तर कॅलिपर पुन्हा अडकतो. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिनेचं भोकही साफ करा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन बदला, ती महाग नसते. रबरी बूट फाटला असेल तर तोही बदला, कारण तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की गाळ तिथूनच आत शिरतो. ग्रीस फक्त सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक. चेसिसचं किंवा बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर बुश फुगतो आणि काही महिन्यांत पिन तिथेच रुतते. ग्रीस ठासूनही भरायचं नाही. तळाशी हवा कोंडते आणि पिन दाबली की स्प्रिंगसारखी परत येते. पातळ थर लावा, पिन आत सारा, बुटाची कड खाचेत बसली का ते बोटाने चाचपा. पिन हाताने सरळ आत-बाहेर झाली पाहिजे.

डिस्कचा निर्णय मोजूनच घ्यायचा. डिस्कवर मधल्या भागात किंवा कडेला किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. गंज पुसल्यावर दिसेल. मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली उंच धार राहते. व्हर्नियर तिच्यावर टेकला की जाडी खरी असते त्याहून जास्त दिसते. शक्यतो मायक्रोमीटर वापरा. तो नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून, ते घर्षणाच्या पट्ट्यावर टेकवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. सहा-आठ ठिकाणी मोजा. किमान आकड्याच्या खाली गेली असेल, आरपार तडा असेल, निळे डाग असतील किंवा नखाला अडकतील अशा खोल रेघा असतील, तर डिस्क बदला, तीही जोडीने. तसं नसेल तर केवळ 'पॅडबरोबर बदलावीच लागते' म्हणून बदलू नका. बारीक रेघा नव्या पॅडला चालतात.

८०च्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. थरथरत असेल तर लोक म्हणतात 'डिस्क वाकली'. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी फिरताना कमी-जास्त झालेली असते. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला कळतो. याचं एक कारण म्हणजे डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मध्ये साचलेला गंज. दुसरं कारण पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने एक नट कचकचून आणि दुसरा सैल आवळणं. डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी चाटते आणि हजारो किलोमीटरमध्ये तिथेच पातळ होते. डिस्क लेथवर मारून घेता येते, पण मारल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे आणि पुढच्या झिजेला जागा उरली पाहिजे. पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, मग घाटात ब्रेक लवकर ढिले पडतात. नवी डिस्क बसवलीत तर हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि डिस्कवरचं कारखान्यातलं तेल क्लीनरने पुसा.

पिस्टन मागे ढकलताना आधी त्याच्या कडेचा रबरी बूट पुसा आणि फाटलाय का पाहा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबा. पुढचा पिस्टन सरळच आत जातो. फिरवून आत न्यायचे पिस्टन मागच्या डिस्कवर, हँडब्रेक कॅलिपरमध्येच असलेल्या गाड्यांत असतात. पिस्टन हाताच्या जोराने आत गेला तर उत्तम. जात नसेल तर बळजबरी नको. ब्लीड निपलला (कॅलिपरवरच्या, तेल-हवा बाहेर काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत ठेवा, निपल किंचित उघडा आणि पुन्हा दाबा. आता सहज गेला तर रबरी नळी आतून फुगून बंद झालीये आणि तेल मागे जाऊ देत नाहीये. तरीही नाही गेला तर पिस्टनच गंजून अडकलाय. दोन्ही बाबतींत काम तुमच्या हातातून मेकॅनिकच्या हातात गेलं असं समजा. नळी बदलणं किंवा कॅलिपर खोलणं म्हणजे सगळं तेल ब्लीड करणं, म्हणजे आतली हवा काढणं आलं, आणि एबीएसच्या गाडीत ते पहिल्यांदाच एकट्याने करू नये. निपल घट्ट करायच्या आधी क्लॅम्पचा दाब सोडू नका, नाहीतर हवा आत जाईल.

जोडणी आता सोपी आहे. इशाऱ्याची जीभ असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच, त्याच दिशेने. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपरचे दात टेकतात, तिथे सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात. पॅडला चिकटवलेली रबरी शिम (आवाज दाबणारी पातळ पट्टी) असेल तर पाठीवर काही लावू नका. घर्षणाच्या पृष्ठभागाला किंवा डिस्कला ग्रीस लागलं तर क्लीनरने लगेच पुसा. कॅलिपर खाली आणा, नळीला पीळ पडला नाही ना ते पाहा. पिनांचे बोल्ट लहान गाड्यांना साधारण २० ते ३५ न्यूटन मीटर लागतात, म्हणजे चाकाच्या नटांहून कितीतरी कमी. इथे अंगाचा जोर लावून लोक आटे घालवतात. चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, चाक टेकल्यावर शेवटचा टॉर्क.

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल सावकाश दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. पहिले काही दाब तळापर्यंत जातील, कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत आणि पॅड अजून डिस्कला पोचलेले नाहीत. हे न करता गाडी रिव्हर्स घेतली तर पार्किंगमधल्या खांबापाशी ब्रेकच लागणार नाही. पेडल कडक झाल्यावर टाकीतली पातळी पाहा, कमी असेल तर टोपीवर लिहिलेलंच तेल भरा, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. तेल दोन वर्षांहून जुनं असेल तर सगळंच बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावरची मानक मर्यादा १५५ अंश. माळशेज किंवा कसाऱ्याच्या उतारावर ओलं तेल उकळलं की पेडल स्पंजासारखं होतं.

नवे पॅड रुळवावे लागतात. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. मग पाच-सात मिनिटं ब्रेक न वापरता चालवा, म्हणजे डिस्क निवेल. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलं तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. घोडबंदर रोडवर हे कधीच जमणार नाही. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर रोडला मोकळा पट्टा मिळतो, मागे गाडी नाही ना ते पाहून तिथे करा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये किंचित वास आणि थोडी कमी पकड हे चालतं. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क पुन्हा तपासा आणि अर्धा तास चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एका चाकाची धग स्पष्ट जास्त असेल तर ती बाजू अजून अडकते आहे, डिस्कला हात लावून खात्री करायला जाऊ नका, भाजेल. डावी बाजूच पुन्हा तापली तर क्लिपा आणि पिना तुम्ही साफ केलेल्या आहेत, म्हणजे आता नळी आणि पिस्टनच उरले. मेकॅनिककडे जाताना जुने चारही पॅड खुणांसह सोबत न्या. ते पाहून चांगला मेकॅनिक थेट मुद्द्यावर येतो, आणि तरीही डिस्कच बदला म्हणाला तर मोजलेल्या जाडीचा आकडा विचारा.

आणि सगळं ठीक बसूनही पेडल आधीसारखंच खोल जात असेल, पण दाबून धरल्यावर आणखी खाली सरकत नसेल, तर पुढच्या चाकांत दोष शोधत बसू नका. मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल पॅड) झिजून लांब गेलेले असतात. हँडब्रेक फार वर येत असेल तर तीच खूण. ड्रम काढून साफ करून शूची ॲडजस्टमेंट करून घ्या, मग हँडब्रेकची केबल. या क्रमाने करा, आधी केबल ताणली तर शूची खरी अवस्था झाकली जाते.